सटवाईच्या नावाचा कोंबडा

पळसदेवच्या आमच्या आळीत एक परस असं होतं, की ज्यात छत्तीस सालानंतर कोंबडा आरवला नाही. कोंबड्या होत्या. आधी बारा होत्या, मग नऊ, मग पाच. कोंबडा नाही म्हणजे अंड्यातून पिल्लू नाही, आणि पिल्लू नाही म्हणजे आहेत त्या एकेक करून म्हाताऱ्या होणार, एखादी मुंगूस नेणार, एखादी उन्हाळ्यात मान टाकणार. ते परस तानूबाईचं, आणि कोंबड्याची नस तिच्याइतकी ओळखणारी बाई भीमेच्या दोन्ही काठांना नव्हती. तिनं हे डोळ्यांदेखत होऊ दिलं. का, ते सांगायचं तर आधी माझं नाव घ्यावं लागतं, म्हणून मी इतकी वर्षं टाळत आले. आता ते परस, ती आळी, सगळंच धरणाच्या पाण्याखाली गेलंय. सगळं बुडाल्यावर मला बोलायला धीर आला, असलं माझं शौर्य.

मी सिंधू. बारामतीच्या एका मास्तरांची मुलगी, मराठी चौथी पास. लग्न होऊन पळसदेवला आले तेव्हा आळीत पोथी वाचू शकणारी बाई मी एकटीच. 'हाय'च्या जागी 'आहे' म्हणायची म्हणून बाया पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि काही अडलं की माझ्याकडेच यायच्या. एकादशी कधी, चंद्र केव्हा उगवणार, बाळंतिणीनं काय खायचं, सगळं मला विचारायच्या. माझ्या सासूबाई प्रयागबाई तर नदीवर धुणं धुता धुता सांगायच्या, "आमची सिंधू बुकातलं सांगती." मी अठरा वर्षांची. मला कुणी हरभऱ्याच्या झाडावर चढवायची गरजच पडली नाही, माझी मीच चढून बसले होते.

तानूबाईचं परस आमच्या परसाला लागून. मध्ये कमरेएवढी मातीची भिंत. बाई उंच, वाळलेली, आवाज जाडाभरडा, वय पंचेचाळीसच्या आतबाहेर. नवरा तरुणपणीच गेलेला. नदीकाठच्या तुकड्यात वांगी-मिरची लावायची, अंडी इंदापूरच्या बाजारी पाठवायची. एकच लेक, सारजा, ती माळेगावला दिलेली. कुणाला चांगलं म्हणायची तिची रीतच नव्हती. भाकरी आवडली तर म्हणायची, "करपली न्हाय." आळीतल्या सुना तिला आत्या म्हणायच्या, म्हणून मीही तानूआत्याच म्हणायची.

पण कोंबडा हातात घेतला की ही बाई वेगळीच दिसायची. कोंबडा पाच-सहा महिन्यांचा झाला की त्याच्या अंगात वारं शिरतं. एक पंख खाली सोडून तिरका तिरका नाचत येतो. तलंगीपुढं तसा नाचला तर तो त्याचा शृंगार. माणसापुढं तसा नाचला तर ती भांडणाची सुरुवात. लोक काय करतात, लाथ घालतात नाहीतर पळतात. तानूआत्या म्हणायची की दोन्हीनं एकच होतं. लाथ घातली तर त्याला वाटतं आपल्या तोलाचा गडी भेटला, पळालं तर वाटतं आपण जिंकलो. ती दोन्ही करत नसे. सरळ चालत जायची, दोन्ही हातांनी उचलायची, डाव्या काखेत घालायची, उजव्या हातानं त्याचं डोकं हळूच खाली दाबायची, आणि मग तसाच काखेत ठेवून आपल्या कामाला लागायची.

गावचे पोलीस पाटील आबासाहेब. त्यांच्या घरी एक तांबडा कोंबडा होता, तो पाटलांना त्यांच्याच अंगणात येऊ देईना. पटका बांधलेले, मिशांना पीळ दिलेले पाटील, हातात काठी, आणि घरात शिरायचे ते मागच्या दारानं. शेवटी तानूआत्याला बोलावणं गेलं. तिनं कोंबडा काखेत मारला आणि घरी आणला. एका हातानं झाडलोट केली, वांगी निवडली, माझ्याशी भिंतीवरून तासभर बोलली. दिवस कलल्यावर तो नेऊन पाटलांच्या कोंबड्यांमध्ये सोडला. तो निमूट दाणे टिपायला लागला. पाटील म्हणाले, "तानूबाई, कानात मंतर सांगितला काय त्याच्या?"

"मंतर न्हाय आबासाहेब. तुमी काठी दावली, त्याला वाटलं भांडान हाय. मी काखंत घातला, त्याला कळलं भांडान न्हाय, आन आपलं काय चालत बी न्हाय."

आणखी एक तिचं ठरलेलं. वर्षाच्या सुमारास कोंबड्याच्या पायामागचा काटा टोकदार होतो. ज्या घरात पोरं असतील तिथं आधी काटा बघायचा, मग तुरा. विळ्यानं टोक उडवायची, वर तेल-हळद लावायची. रक्ताचा थेंब येऊ देत नसे. आळीतल्या साऱ्या कोंबड्यांचे काटे तिच्या विळ्याखालून गेलेले होते.

सारजाची दोन लेकरं सासरी गेली. पहिलं नवव्या दिवशी, दुसरं पाच महिन्यांचं होऊन. तिसऱ्या खेपेला ती माहेरी आली ती चेहऱ्यावरचं सगळं पुसून आल्यासारखी. चौतीस सालच्या मार्गशीर्षात मुलगी झाली. पाचवीला पाटा-वरवंटा मांडला, सटवाई पुजली. मी दिव्याशी पोथी घेऊन बसले होते. तानूआत्यानं हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "सटवाई आई, मुलगी तर मुलगी. ही जगू दे. हिच्या जावळाला घरच्या अंड्यातला, घरच्या खुराड्यातला कोंबडा तुला देती." नदीच्या वाटेवर बाभळीखाली सटवाईचा शेंदरी दगड होता. दर चैत्रात गाव तिथं कोंबडं वाहायचं.

मग ती माझ्याकडे वळली. "सिंधू, काय काय पाळायचं आस्तं गं? नीट सांग. ह्या डावाला चुकायला नगं."

मला ओ की ठो माहीत नव्हतं. माझ्या माहेरी, बारामतीला, शेजाऱ्यांनी देवाच्या नावानं एक बोकड सोडला होता. त्याला कुणी हात लावत नसे आणि तो बाजारभर हुंदडून भाजीवाल्यांच्या पाट्यांत तोंड घालत असे. तो मला आठवला. पोथीत 'अव्यंग' असा एक शब्द होता, तोही आठवला. एवढ्या दोन गोष्टींवर मी नियम तयार केले. "देवीचा जीव अव्यंग असावा लागतो, आत्या. त्याचं काही कापायचं नाही. बांधायचं नाही. डालग्याखाली कोंडायचं नाही. मारायचं नाही." सगळ्या बाया कान देऊन ऐकत होत्या. मला थांबवेना. तानूआत्या कोंबड्याला काय करते ते रोज बघत होते, तेही मी त्यात घातलं. "आणि काखेत तर मुळीच घ्यायचं नाही. माणसाच्या अंगाचा विटाळ होतो."

ती माझ्याकडे बघत राहिली. "काखंत बी न्हाय?"

"नाही."

"बरं," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात तिनं एक खुडूक कोंबडी अकरा अंड्यांवर बसवली. एकवीस दिवसांनी नऊ पिल्लं निघाली. त्यातला एक काळ्या शेपटाचा तांबडा तिनं वेगळा ओळखला. पोरीचं नाव रतन ठेवलं. कोंबड्याला नाव नव्हतं, तो सटवाईचा.

जावळ पुढल्या चैत्राच्या पुढल्या चैत्रात, पोर सव्वा वर्षाची झाल्यावर करायचं ठरलं. तोवर लेकराला सासरचा उंबरा दाखवायचा नाही, कारण त्या उंबऱ्यातून दोन गेली होती. सारजाचे मालक मोहनराव निरेच्या कालव्याखाली ऊस करायचे. महिन्या-दोन महिन्यांनी गुळाची ढेप घेऊन यायचे आणि ओसरीच्या टोकाला बसून पोरीकडे लांबूनच बघायचे. आपलीच नजर लागेल अशी त्यांना भीती. पोर जगत होती. सहा महिन्यांची झाली, पालथी पडली, रांगायला लागली. सारजा हसायला लागली. आळी म्हणायला लागली, सटवाई पावली, आणि सिंधूनं सांगितलं तसं पाळलं म्हणून पावली.

ज्येष्ठात कोंबड्यानं पहिली बांग दिली. दिसायला असा देखणा, की वाटेनं जाणारा थांबून बघायचा. तानूआत्याकडे एक जुना कोंबडा होता, तो असता तर त्यानंच या पोराला दोन टोचा देऊन जागेवर बसवलं असतं. पण झुंज लागून तुरा फाटला तर व्यंग येईल. मला विचारलं. मी म्हटलं, हो, जुना काढून टाका. तो इंदापूरच्या बाजारी गेला. मग या नव्याच्या वर कुणीच राहिलं नाही. चांगला कोंबडा दाणा दिसला की कोंबड्यांना बोलावतो आणि आपण मागं राहतो. हा आधी खायचा, आणि कुणी जवळ आली तर तिच्या मानेचं पीस उपटायचा. तानूआत्या भिंतीशी येऊन म्हणायची, "पोरींला बोलवत न्हाय गं ह्यो." मी म्हणायची, "देवीचा आहे, आत्या. त्याचं वेगळं असतं."

श्रावणात त्यानं तानूआत्यापुढं पंख सोडला. ती जागच्या जागी उभी राहिली. तिचे हात पुढं झालेले मी पाहिले. मग तिनं भिंतीपलीकडे माझ्याकडे पाहिलं, आणि हात मागं घेतले. त्या दिवशी तो तिच्या पिंढरीवर उडाला. चार दिवसांनी सारजाच्या. दिवाळीत आमच्या सासूबाईंच्या मनगटावर. बाया जखमेला राख लावायच्या आणि म्हणायच्या, देवीनं हात लावला. तानूआत्या आपल्याच परसात सूप आडवं धरून जायला लागली. आळीत हसू झालं. "कोंबड्यांची मास्तरीण सुपाआड!" हसणाऱ्यांत मीही होते. मला वाईट इतकंच वाटतं की मी मनापासून हसले होते.

पौषात रतन धरून धरून उभी राहायला लागली, आणि तानूआत्याची झोप उडाली. उभं राहिलेलं लेकरू आणि उडालेला कोंबडा यांची उंची एकच, हे तिला दिसत होतं. एका सकाळी मी राख टाकायला मागं आले तर ती विळा घेऊन बसली होती. कोंबडा तिनं दाणे टाकून फसवून पायांखाली धरला होता. विळ्याचं पातं काट्याला लागणार, तेवढ्यात मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. पण मास्तरांच्या मुलीचा आवाज, वर्गाला ऐकू जाईल असा. पाच-सात बाया गोळा झाल्या. सारजा धावत आली आणि आईच्या पायावर पडली. "आई, नगं गं! दोन महिनं ऱ्हायलं. माझी दोन गेली, ही तरी ठेव!"

तानूआत्यानं विळा खाली ठेवला आणि कोंबडा सोडून दिला. तो अंग झाडून भिंतीवर चढला आणि आरवला. ती मला म्हणाली, "सिंधू, तुला बुकात दिसतं, मला कोंबड्यात दिसतं. पण तुजं बुक मोठं." रागानं नाही म्हणाली. राग आला असता तर मला बरं वाटलं असतं.

कोंबड्याला बांधायचं नाही, कोंडायचं नाही. मग तिनं लेकराला बांधलं. जुन्या लुगड्याची पट्टी काढली, एक टोक रतनच्या कमरेला, दुसरं ओसरीच्या खांबाला. परसात कोंबडा मोकळा फिरायचा आणि ओसरीवर पोर बांधलेली. येणारे-जाणारे बघायचे. कुणाला त्यात काही उलटं वाटलं नाही, मलाही वाटलं नाही.

माघ संपत आला होता. ज्वारीची काढणी चाललेली, आळी निम्मी रानात. मी आमच्या परसात कुरडयांचं वाळवण घालत होते. सारजा ज्वारी पाखडत बसलेली, तानूआत्या टोकाला म्हशीच्या दोणीत पाणी ओतत होती. रतन सकाळपासून पट्टीला हिसके देऊन रडत होती. सारजाचं काळीज ते. तिनं गाठ सोडली आणि पोरीच्या हातात भाकरीचा तुकडा दिला. कोंबडा तेव्हा उकिरड्यापाशी लांब होता.

पोर तुरुतुरु परसात आली. कोंबड्यांना हात करून "ये, ये" म्हणायला लागली. त्या आल्या. तिला इतका आनंद झाला की ती खाली वाकून त्यांच्याशी बोलायला लागली. उकिरड्याकडून कोंबडा आला. एक पंख खाली सोडला, तिरका झाला. वर्षभर भिंतीशी उभं राहून मला एवढं वाचता यायला लागलं होतं. विळ्याच्या वेळी ओरडलेली मी, आता माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पोर घाबरून वळली, तोल जाऊन बसली, आणि तो तिच्या तोंडावर उडाला. एकदाच. दुसऱ्यांदा उडायच्या आत तानूआत्या पोहोचली होती. काटा डाव्या डोळ्यात गेला होता.

तिनं पोर उचलून सारजाच्या ओटीत दिली. मग ती मागं वळली, चालत गेली, दोन्ही हातांनी कोंबडा उचलला आणि काखेत घातला.

आमची बैलगाडी जुंपली. सासरे हाकायला, आत सारजा, तिच्या मांडीवर रतन, मी, आणि तानूआत्या. ती गाडीत चढली तेव्हा कोंबडा काखेतच होता. कुणी तिला सोड म्हटलं नाही, तिच्याही ध्यानात नसावं. इंदापूर गाडीनं चार तासांचं. पोर आधी किंचाळत होती, मग कण्हायला लागली, मग थकून गप्प झाली. तेव्हा सारजा किंचाळायला लागली. मी समोर बसले होते. दुसरीकडे बघायला जागा नव्हती, म्हणून मी कोंबड्याकडे बघत होते. आधी तो धडपडला. तानूआत्याचा उजवा हात आपोआप गेला आणि त्याचं डोकं खाली दाबलं. थोड्या वेळानं त्याच्या पायांची ताठ बोटं सैल झाली. मग मान ढिली पडली. अर्ध्या वाटेच्या आतच त्यानं डोळे मिटले आणि तिच्या दंडावर चोच टेकली.

"निवला," तानूआत्या म्हणाली. चार तासांत ती बोलली तो एवढा एकच शब्द.

एका सकाळचं काम होतं. कधीही, कुठल्याही सकाळचं.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा धुतला, पट्टी बांधली. म्हणाले, हा गेला, दुसरा राहील. पोरीच्या जिवाला धोका नाही. सारजा तेवढंच धरून बसली, "जिवाला धोका न्हाय, जिवाला धोका न्हाय," असं येताना वाटभर पुटपुटत होती.

चैत्र आला. जावळाचा दिवस ठरलेलाच होता. त्याच्या आदल्या दिवशी तानूआत्या भिंतीशी आली. त्या महिनाभरात तिनं माझा काखेचा नियम पाळला नव्हता. रोज सकाळी ती कोंबडा काखेत घेऊन सडा घालायची. काट्यांची टोकं मात्र तशीच ठेवली होती. तो आता दाणा दिसला की कोंबड्यांना बोलवायचा आणि आपण मागं राहायचा. तिच्या मागं मागं परसभर फिरायचा.

"सिंधू," ती म्हणाली, "कोंबडा अव्यंग हाय. लेकरू न्हाय. आता बुकात काय लिवलंय?"

तेव्हा सांगायला हवं होतं. बुक नाही, बिक नाही, मी मनचं सांगितलं, एवढी चार अक्षरं. आळीतल्या बाया आपापल्या दारात उभ्या होत्या. सासूबाई मागं उभ्या होत्या. मी म्हटलं, "नवस तो नवस, आत्या. द्यावा लागतो."

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती त्याला काखेत घालून बाभळीपाशी घेऊन गेली. तो फडफडला नाही. मोठ्या विश्वासानं मान पुढं ठेवली त्यानं. रतनचं जावळ उतरलं, तिच्या डोळ्यावर अजून पट्टी होती. आणि त्याच दुपारी मोहनरावांच्या गाडीत बसून सारजा माळेगावला निघाली. गाडीत चढताना तिनं आईकडे पाठ फिरवली. "तुला कोंबड्याचं समदं कळत हुतं," एवढं म्हणाली, "मग काय उपेग?" आणि माझ्याकडे आली आणि वाकून माझ्या पायाला हात लावला. तिच्या मते मी सांगितल्यामुळे पोर जगली होती. मी पाय मागं घेतला नाही. आजही त्या पायाकडे बघवत नाही मला.

सारजा पंचमीला आली नाही, दिवाळीला आली नाही. मोहनराव एकदा आले, गुळाची ढेप उंबऱ्यावर ठेवली आणि पाणी न पिता गेले. पुढच्या वर्षी तेही आले नाहीत. कुणी माळेगावाकडून आलं की तानूआत्या वाटेत उभी राहायची. पण विचारायची नाही, नुसती उभी राहायची. माणूस आपण होऊन सांगेल तेवढं ऐकायची. पोर बोलायला लागली. पोर डावीकडून कुणी आलं की दचकते. पोरीला सोबतीच्या पोरी खेळायला घेत नाहीत. एवढंच काय ते आमच्यापर्यंत आलं.

तिनं पुन्हा कोंबडा पाळला नाही. लोकांनी आणून दिले, तिनं परत केले. वरच्या आळीचे सर्जेराव आपला मस्तवाल कोंबडा घेऊन आले तेव्हा हात जोडून म्हणाली, "माज्या हातात आता गुन न्हाय." कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थोडंच राहतं, असं सासूबाई तिला समजावायच्या. उजाडायचं, पण त्या परसात उजाडल्याचं कुणी सांगायचं नाही. पहाटे जाग आली की भिंतीपलीकडची शांतता मला ऐकू यायची. आळीतल्या बाया मला विचारत होत्या ते विचारतच राहिल्या. मी 'मला ठाऊक नाही' म्हणायला लागले, तर त्यांना वाटलं सिंधू आता लीन झाली, खरी ज्ञानी झाली. हळूहळू माझं 'आहे' गेलं, मीही 'हाय' म्हणायला लागले. तेवढ्यानं काही धुतलं जात नाही.

एकोणचाळीस सालचा उन्हाळा. तानूआत्याच्या परसात एकच कोंबडी उरली होती, करड्या रंगाची, म्हातारी. ती एकटी परसभर उकरत हिंडायची. एके दिवशी मला ते सोसवेना. मी भिंत ओलांडून गेले. तानूआत्या सुपात ज्वारी घेऊन खडे निवडत होती.

"तानूआत्या," मी म्हटलं, "ते बुकात नव्हतं. काखंत घ्यायचं न्हाय, काटा कापायचा न्हाय, कुटंच लिवल्यालं नव्हतं. मी मनानंच सांगितलं हुतं."

तिचा हात थांबला नाही. एक खडा काढून तिनं बाजूला टाकला, मग दुसरा. मला वाटलं ऐकू गेलं नाही.

"बुकात आसंल का नसंल, मला काय ठावं," ती म्हणाली. "आमच्यात तसं नव्हतं, येवढं ठावं हुतं. माजी सासू सटवाईला कोंबडं द्यायची ती काटं कापून, काखंत घालून न्यायची. मी बी तसंच दिल्यालं."

"मंग माजं का ऐकलंत, आत्या?"

"सारजाच्या पयल्या लेकराच्या पाचवीलाच आमच्या रीतीनं कोंबडा दिला, ते गेलं. दुसऱ्याला आमच्या रीतीनं दिला, ते बी गेलं." ती सूप हलवत होती. "मला वाटलं, आमचीच रीत चुकत आसंल, तवाच लेकरं जात्यात. तू शिकल्याली. ह्या डावाला म्हनलं, शिकल्याल्या मानसाचं ऐकावं."

मी तिथंच खाली बसले. रडू आलं असतं तर चाललं असतं, तेही आलं नाही. ती उठली. करडी कोंबडी दोन्ही हातांनी उचलून माझ्यापुढं धरली.

"ही तू ने. हितं एकली झुरती. तुमच्यात कोंबडा हाय."

मी हात पुढं केले. कोंबडी फडफडली, पंख माझ्या तोंडावर बसला, मी घाबरून ती सोडणार होते. तानूआत्यानं माझा डावा हात धरून वर केला, कोंबडी काखेत सारली, आणि माझी उजवी बोटं धरून तिच्या डोक्यावर ठेवली.

"हळू दाब," ती म्हणाली. "आसं. पळायचं न्हाय, मारायचं न्हाय. नुसतं धरायचं."

थोड्या वेळानं कोंबडीची बोटं सैल झाली आणि तिनं डोळे मिटले. तानूआत्या पुन्हा ज्वारी निवडायला बसली.